बारकीचा बडेजाव

ही बारकी. पूर्ण नाव बारकी फाईल. आपली हिच्याशी ओळख नाही असं तुम्हाला वाटत असेल, पण तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये हिचं खटलं केव्हाच मुक्कामाला आलेलं आहे. फोटोची छोटी प्रतिमा, ॲपमधली एखादी सेटिंग, बिलाची एक नोंद, नकाशाचा एक चौकोन, असा कुठलाही चिमूटभर ऐवज घेऊन त्याला नाव दिलं की बारकी जन्माला येते. वजन शे-सव्वाशे बाइटांपासून चार-पाच किलोबाइटांपर्यंत.

एकटी भेटली तर लाघवी आहे. उघडा, वाचा, दोन अक्षरं बदला, बंद करा, कुरकुर नाही. तिच्या नावाने बोटं मोडणारा प्रोग्रामर तिला एकटीला कधी भेटलेलाच नसतो. त्याची गाठ पडते तेव्हा ती दहा लाखांच्या संख्येने आलेली असते, आणि तिचा खरा स्वभाव तेव्हाच कळतो.

पहिली खोड जागेची. डिस्क जागा देते ती ठोकळ्यांत, आणि हा ठोकळा बहुतेक ठिकाणी ४,०९६ बाइटांचा असतो. १२० बाइटांची बारकी आली तरी ती अख्खा ठोकळा अडवते आणि उरलेल्या ३,९७६ बाइटांत दुसऱ्या कुणाला पाय ठेवू देत नाही. विंडोजमध्ये फाईलच्या प्रॉपर्टीज उघडल्या की दोन आकडे दिसतात, ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’. पहिला आकडा तिच्या अंगाचा, दुसरा तिच्या ऐटीचा. विंडोज ९५ च्या दिवसांत तर ती याहून तोऱ्यात होती. तेव्हाच्या फॅट१६ पद्धतीत २ जीबीच्या डिस्कवर ठोकळाच ३२ केबीचा असे, म्हणजे एका ओळीच्या मजकुराला ३२,७६८ बाइटांचा महाल. एनटीएफएस पद्धतीने मात्र तिची ही ऐट ओळखली. तिथे प्रत्येक फाईलच्या नोंदीसाठी एक केबीचा रकाना राखलेला असतोच. मजकूर काहीशे बाइटांचाच असला, तर तो त्या रकान्यातच बसवतात आणि वेगळा ठोकळा देत नाहीत.

पण जागा आता स्वस्त झाली. चार केबीवरून भांडायला कुणी बसत नाही. बारकी महाग पडते ती मानपानात. लग्नात जेवणाचा खर्च पानांच्या हिशोबाने आधी काढता येतो, मानपानाचा काढता येत नाही. आणि मावळण रुसते ती जिलबी कमी वाढली म्हणून नव्हे, दारात कुणी सामोरं गेलं नाही म्हणून. बारकीचं तसंच. तिला उघडायचं तर आधी वाटेतल्या प्रत्येक फोल्डरच्या दारात परवानगी तपासायची. मग शेवटच्या फोल्डरच्या यादीत तिचं नाव शोधायचं. नावावरून तिची नोंद काढायची, तिचा मालक कोण, वाचायचा हक्क कुणाला, ती डिस्कवर नेमकी कुठे बसली आहे हे पाहायचं. विंडोजवर असाल तर मध्येच अँटीव्हायरस येऊन तिची झडती घेणार. एवढं झालं की १२० बाइट वाचायचे, आणि मग पुन्हा रीतसर बंद करायचं. शंभर एमबीच्या थोरल्या फाईललाही नेमके एवढेच सोपस्कार लागतात. तिच्या वजनाच्या मानाने ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत, इतकंच.

हिशोबच मांडू. जुन्या फिरत्या डिस्कमध्ये, मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सुई नेऊन हवा तो भाग खाली येईपर्यंत साधारण १२ मिलिसेकंद जातात. एक केबीच्या एक लाख बारक्या डिस्कभर विखुरलेल्या असतील आणि प्रत्येकीपाशी एकदाच जावं लागलं, तरी १,२०० सेकंद झाले. म्हणजे वीस मिनिटं. तोच मजकूर एका फाईलमध्ये सलग असता तर १०० एमबी होतो, आणि अशी डिस्क तो एखाद्या सेकंदात वाचून काढते. वीस मिनिटांपैकी एक सेकंद कामाचा, बाकीचा सगळा वेळ तिची वाट बघण्यात. एसएसडी आल्यावर सुई गेली, फेरे गेले, पण दारातली चौकशी तशीच राहिली. बारकी पूर्वीइतका वेळ खात नाही. थोरलीपेक्षा महाग पडणं मात्र तिने सोडलेलं नाही.

याचा पुरावा घरबसल्या मिळतो. एक सिनेमा पेनड्राइव्हवर टाकून बघा, आणि त्याच वजनाच्या बारक्या टाकून बघा. सिनेमा सरळ जातो. बारक्यांच्या वेळी ती हिरवी पट्टी आधी ‘पाच मिनिटं’ म्हणते, मग ‘दोन तास’, मग पुन्हा ‘अकरा मिनिटं’. पट्टीला उगाच नावं ठेवू नका. बाइट मोजून वेळेचा अंदाज बांधू पाहणाऱ्याला बारकी नेहमीच खोटं पाडते.

प्रोग्रामर तिच्या नादी लागतो तो सोयीपायी. नाशिककडच्या एका ओळखीच्या पोराने औषधाच्या दुकानांसाठी बिलिंगचं ॲप लिहिलं. प्रत्येक बिलाची एक वेगळी फाईल. ‘डेटाबेस कशाला? फाईल आहे की!’ आणि सुरुवातीला त्याचं खरंच होतं. बिल चुकलं तर ती फाईल नोटपॅडमध्ये उघडून दुरुस्त करता यायची, गिऱ्हाइकाला एकच बिल पाठवता यायचं, डोळ्यांना सगळं दिसायचं. तीन वर्षांत दुकानं वाढली आणि बारक्या आठ लाखांवर गेल्या. मग एका मालकाने साधा प्रश्न विचारला, ‘मागच्या दिवाळीत दहा हजारांवरची बिलं किती झाली?’ उत्तर बारक्यांच्याच पोटात होतं. पण कुणाच्या पोटात, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. आठही लाख जणींना एकेक करून उठवावं लागलं.

पोराने मग फोल्डर उघडून बघायचं ठरवलं. लिनक्सवर ‘एलएस’ म्हटलं की फोल्डरमधली नावं दिसतात. इथे स्क्रीन नुसती गप्प. एलएस नावं दाखवण्याआधी ती सगळी गोळा करते आणि अकारविल्हे लावते, हे आठ लाखांची यादी समोर येईपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. वैतागून त्याने जुन्या तात्पुरत्या फाईली पुसायची आज्ञा दिली, ‘आरएम’ आणि पुढे फुली. उत्तर आलं, ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’. फुली म्हणजे सगळ्यांची नावं एका आज्ञेत. त्या यादीला लिनक्समध्ये सहसा दोन एमबीच्या आसपास मर्यादा असते. बारक्यांना घालवायचं तरी त्यांची नावं एका दमात घेता येत नाहीत. ‘फाइंड’ नावाच्या धीराच्या आज्ञेला कामाला लावून, एकेकीला बाहेर काढावं लागतं.

इथे शहाणे लोक म्हणतात, फोल्डर पाडा. पाडावेतच, पण बारकी तिथेही खेळ करते. ग्राहकाच्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून फोल्डर पाडले तर आपल्याकडे ‘स’चा फोल्डर फुगून बसतो, सुरेश, सुनील, सचिन, संजय, सुनीता, संगीता सगळे तिथेच, आणि ‘ठ’च्या फोल्डरमध्ये एकटी ठमाबाई. तारखेवरून पाडले तर आजच्या फोल्डरात तुंबळ गर्दी, कालच्यात शुकशुकाट. प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र फोल्डर द्यावा तर एक्स्ट३ या जुन्या फाईलव्यवस्थेत एका फोल्डरच्या पोटात ३१,९९८ च उपफोल्डर मावत. ३१,९९९ वा ग्राहक आला की ॲप त्याला नोंदवून घ्यायला नकार देई, आणि त्या बिचाऱ्याचा काही दोष नसे.

आता तिच्या सर्वांत खाष्ट सवयीकडे येतो. या एका सवयीने कित्येक सर्व्हर सांभाळणाऱ्यांची झोप मोडली आहे.

लिनक्सच्या एक्स्ट४ व्यवस्थेत प्रत्येक फाईलमागे एक नोंदपत्र लागतं. त्याला आयनोड म्हणतात. ही नोंदपत्रं डिस्क तयार करतानाच मोजून छापली जातात, नेहमीच्या हिशोबाने दर १६ केबी जागेमागे एक. बारकी मात्र चारच केबीत संसार थाटते. म्हणजे काय होतं बघा. १०० जीबीच्या डिस्कवर साधारण साडेपासष्ट लाख नोंदपत्रं असतात. तितक्या बारक्या आल्या की त्यांनी जागा व्यापली जेमतेम पंचवीस जीबी, पण नोंदपत्रं संपली. पंचाहत्तर जीबी मोकळी पडलेली, आणि सर्व्हर सांगतो, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’.

रात्री दोन वाजता हा निरोप वाचणारा माणूस आधी ‘डीएफ’ ही आज्ञा देऊन जागा बघतो. तीन चतुर्थांश डिस्क रिकामी. तो पुन्हा बघतो. मग त्याला वाटतं डिस्क बिघडली. मग वाटतं आपणच बिघडलो. दोन सिनेमे पुसून बघतो. वीस जीबी आणखी मोकळे झाले तरी निरोप तोच, कारण दोन सिनेमे म्हणजे दोनच नोंदपत्रं. पहाटे केव्हातरी कुणीतरी जाणता त्याला फोनवर सांगतो, ‘डीएफला आय जोड.’ तो जोडतो, आणि समोर येतं शंभर टक्के. शोधत गेल्यावर एखाद्या कोपऱ्यातल्या फोल्डरात लॉगिनच्या वेळी तयार झालेल्या आणि मग कुणी न पुसलेल्या लाखो बारक्या सापडतात. त्यातल्या कित्येकींत एक अक्षरही नसतं. नोंदपत्र मात्र प्रत्येकीने घेतलेलं असतं. एक्स्ट४ मध्ये ही संख्या मागाहून नुसती वाढवता येत नाही. एक्सएफएस व्यवस्था लागतील तशी नोंदपत्रं काढत जाते, म्हणून जिथे बारक्यांचा सुकाळ तिथे जाणते लोक आधीपासून तिला पसंती देतात.

नावाच्या बाबतीतही बाईंचा तोरा आहे. मराठी नाव दिलंत तर लिनक्सवर ते २५५ बाइटांत बसवावं लागतं, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं. काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे पंचाऐंशी चिन्हं झाली की खेळ खलास. ‘महाराष्ट्र’ एवढ्या एका शब्दाची दहा होतात. विंडोजची मोजणी निराळी, तिथे २५५ चिन्हांपर्यंत मुभा. त्यामुळे ‘ग्रामपंचायत पाणीपुरवठा समिती बैठकीचा इतिवृत्तान्त’ असं सुरू होऊन वाढत गेलेलं सरकारी थाटाचं नाव विंडोजवर सुखाने नांदतं आणि लिनक्सच्या सर्व्हरवर पाठवताच उंबऱ्यावर अडतं.

आणि लाईट गेली की विचारू नका. लिहिणं चालू असताना वीज गेली, तर परत येताना बारकी कधी कधी फक्त नाव घेऊन येते. फाईल जागेवर, तारीख बरोबर, आत शून्य बाइट. २००९ साली एक्स्ट४ नवी होती तेव्हा यावरून मोठा वाद झाला. मशीन बंद पडून पुन्हा सुरू केलं की लोकांच्या सेटिंगच्या छोट्या छोट्या फाईली रिकाम्या सापडू लागल्या. फाईलव्यवस्थेचं म्हणणं, तुम्ही नीट सांगितलंच नाहीत की आत्ताच्या आत्ता डिस्कवर उतरव. प्रोग्रामरांचं म्हणणं, इतकी वर्षं न सांगता चालत होतं. दोघंही बरोबर होते. तिला सुरक्षित लिहायची रीत अशी: आधी तात्पुरत्या नावाने लिहायचं, ते डिस्कवर पक्कं करून घ्यायचं, मग जुन्या नावावर चढवायचं. एका बारकीसाठी तीन विधी. दहा लाखांसाठी किती ते तुम्हीच मोजा.

मोठ्या घरांतही तिने कुणाला सोडलेलं नाही. फेसबुकच्या लोकांनी २०१० मध्ये आपल्या फोटोंच्या कोठाराविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. तेव्हा त्यांच्याकडे साडेसहा हजार कोटी फोटो होते, आणि प्रत्येकाच्या चार आकारांतल्या चार प्रती ठेवल्यामुळे सव्वीस हजार कोटी फाईली. वजन वीस पेटाबाइटांच्या वर. गर्दीच्या वेळी सेकंदाला दहा लाख फोटो मागितले जात. सुरुवातीला त्यांनी सरळमार्गाने एक फोटो म्हणजे एक फाईल असं ठेवलं. फोल्डरात हजारो फाईली असताना एक फोटो वाचायला डिस्ककडे दहाहून जास्त वेळा जावं लागे. फोल्डर लहान केले तेव्हा तीनदा. तिसरी खेप फोटोची. पहिल्या दोन निव्वळ बाईंचा पत्ता विचारण्यासाठी.

त्यांनी शेवटी जो उपाय केला त्याचं नाव ‘हेस्टॅक’, गवताची गंजी. फोटो सुटे न ठेवता एकामागून एक एका प्रचंड फाईलमध्ये ओतायचे, आणि कोणता फोटो कुठे सुरू होतो एवढंच टिपण मेमरीत ठेवायचं. मालक कोण, परवानगी कुणाला, शेवटचं कधी उघडलं, ही सगळी बिरुदं काढून टाकली. फोटोच्या दुकानात ती कुणाला हवी होती? मग फोटो एका खेपेत मिळू लागला. बारकीचा पाणउतारा इतका ठळकपणे दुसऱ्या कुणी केलेला मला माहीत नाही. अर्थात तिने सूड उगवलाच: अशा गंजीतून एखादा फोटो पुसला की तिथे नुसती ‘पुसला’ अशी खूण होते, जागा सुटत नाही. अधूनमधून सगळी गंजी उपसून, जिवंत तेवढे फोटो नव्या फाईलमध्ये लिहून काढावे लागतात.

अनेक मशीनांवर मिळून डेटा साठवणाऱ्या हडूपवाल्यांची कथा थोडक्यात. तिथे ठोकळा १२८ एमबीचा, म्हणजे घर मुळात हत्तींसाठी बांधलेलं, आणि सगळ्या फाईलींचा पत्ता एका मुख्य मशीनच्या मेमरीत. दर नोंदीला सुमारे १५० बाइट. एक कोटी बारक्या, प्रत्येकीची फाईल म्हणून एक आणि ठोकळ्याची एक नोंद, की झाली तीन जीबी मेमरी नुसती हजेरीपटात. त्या मंडळींत ‘स्मॉल फाइल्स प्रॉब्लेम’ हा शब्दच रूढ आहे. एखादीचं दुखणं तिच्याच नावाने ओळखलं जावं, याचा तिला मनातून अभिमान वाटत असणार.

तिला एकत्र बांधायचे प्रयोग मात्र फार जुने आहेत. १९७९ च्या युनिक्समध्ये ‘टार’ आला, टेपवर फाईली चढवण्यासाठी. तो प्रत्येकीच्या कपाळावर ५१२ बाइटांची पाटी लावतो आणि एकीच्या मागे एक रांगेत उभं करतो. पण यादी ठेवत नाही. शेवटची हवी असेल तर पहिलीपासून चालत जायचं. १९८९ मध्ये फिल कॅट्झ यांचं झिप आलं. त्यात यादी आहे, पण ती अगदी शेवटी. म्हणून अर्धवट उतरलेली झिप उघडायला गेलात की ती ‘मी झिपच नाही’ म्हणते. तरीही झिपने बारकीला जी शिस्त लावली ती आज घरोघरी आहे. तुमची वर्डची ‘डॉक्स’ फाईल घ्या, नाव बदलून शेपटी झिपची लावा आणि उघडा. आत मजकुराची एक, शैलीची एक, चित्रांच्या वेगळ्या अशा बारक्या एका छताखाली राहताना दिसतील. ई-पब पुस्तकं, अँड्रॉइडची ॲपं, सगळीकडे हेच बिऱ्हाड.

प्रोग्रामच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटची तऱ्हा मला सर्वांत आवडते. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये ते लिहिलं तेव्हा बारकीला पूर्ण मोकळीक दिली. प्रोग्रामचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक सुटी फाईल, तिला चाळीस अक्षरांचं नाव, आणि नावाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून २५६ फोल्डर. हे नाव मजकुरावरून गणिताने निघतं, त्यामुळे कुठला फोल्डर फुगत नाही. ‘स’ आणि ‘ठ’ला सारखाच शेजार. पण मोकळीक म्हणजे पसारा. म्हणून गिट गुपचूप मोजत असतं, आणि सुट्या फाईली ६,७०० च्या आसपास गेल्या की झाडू घेऊन उठतं. सगळ्यांना एका गठ्ठ्यात घालतं, आणि एकमेकींशी मिळत्याजुळत्या असतील त्यांच्यातला फरक तेवढा लिहून ठेवतं. आधी लाड, मग शिस्त. तिच्याशी असंच वागावं लागतं.

जावास्क्रिप्टवाल्यांना हे जमलेलं नाही. त्यांच्या ‘नोड मॉड्यूल्स’ फोल्डरमध्ये साधं ॲप लिहिलं तरी हजारो बारक्या दाखल होतात, आणि तिथला रुसवाही जगजाहीर आहे. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या कर्त्याने एका वादावरून मागे घेतलं. काम काय, तर शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरणं. त्या अकरा ओळींवाचून जगभरच्या हजारो प्रकल्पांची बांधणी अडली, आणि काही तासांत ते पॅकेज सन्मानाने परत आणावं लागलं.

नकाशांच्या जगात ती चौकोनी होऊन येते. वेबवरचा नकाशा म्हणजे २५६ पिक्सेलांच्या चौकोनी तुकड्यांची गोधडी. सगळी पृथ्वी एका तुकड्यात, आणि एकेक पायरी जवळ गेलं की एका तुकड्याचे चार. अठराव्या पायरीला सुमारे ६,८७२ कोटी. यांतले कितीतरी नुसते निळे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून पश्चिमेला निघालात की अरबी समुद्रभर तोच निळा चौकोन, प्रत्येकाला स्वतंत्र नाव, स्वतंत्र ठोकळा, स्वतंत्र नोंदपत्र. एमबीटाइल्स नावाच्या पद्धतीत हे सगळे चौकोन एकाच फाईलमध्ये जातात, आणि समुद्राचा निळा त्यात एकदाच ठेवून बाकी ठिकाणी त्याकडे नुसतं बोट दाखवता येतं.

त्या एमबीटाइल्सच्या पोटात जो बसलाय त्याच्याबद्दल सांगायलाच हवं, कारण बारकीचा खरा जोडीदार तोच. एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी २००० साली तो लिहायला घेतला, अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेवरच्या सॉफ्टवेअरचं काम करताना. तिथला डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की ॲपही अडून बसे. तेव्हा सर्व्हरच नको, एका साध्या फाईलमध्ये सगळा डेटाबेस राहू दे, असा विचार. आज तो प्रत्येक अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये आहे. त्याच्या कर्त्यांनी २०१७ मध्ये मोजून पाहिलं: दहा-दहा केबीच्या छोट्या प्रतिमा सुट्या फाईलींतून वाचण्यापेक्षा एसक्यूलाइटमधून वाचणं सुमारे ३५ टक्के जलद, आणि जागाही २० टक्क्यांच्या आसपास कमी. डेटाबेस फाईलव्यवस्थेपेक्षा वेगवान असतो, हे पहिल्यांदा ऐकून कुणाला पटत नाही. कारण तेच जुनं, मानपानाचं. दार एकदाच उघडायचं, एकदाच लावायचं. शिवाय दहा नोंदी एकदम लिहिताना लाईट गेली तर दहाही झाल्या किंवा एकही नाही. अर्धवट शून्य बाइटांचा प्रकार नाही. नाशिकच्या पोरानेही शेवटी आठ लाख बिलं त्यातच ओतली. दिवाळीचं उत्तर आता मालकाने फोन ठेवायच्या आत मिळतं.

एवढं ऐकून बारकीला घराबाहेर काढायला निघाला असाल तर जरा थांबा. तिची बाजू मांडल्याशिवाय ओळख पुरी होत नाही.

जुन्या युनिक्सवर सगळं टपाल एका लांबलचक फाईलमध्ये साठे. नवं पत्र कुठे सुरू होतं हे ओळखायची खूण म्हणजे ओळीच्या आरंभी ‘फ्रॉम’ हा शब्द. मग कुणी पत्रातच एखादी ओळ ‘फ्रॉम’ने सुरू केली, की टपाल खातं गोंधळू नये म्हणून त्या शब्दाआधी गुपचूप एक बाण ठोकी. लोकांच्या पत्रांत कुणी न लिहिलेले बाण दिसत. आणि एक पत्र येत असताना दुसऱ्याने पुसायला घेतलं तर कुलूप घालून एकाला ताटकळत ठेवावं लागे. डॅनियल बर्नस्टाइन यांनी ‘मेलडिर’ काढलं ते याला कंटाळून. एक पत्र, एक फाईल. आधी ‘टेम्प’ फोल्डरात लिहायचं, पूर्ण झालं की ‘न्यू’मध्ये सरकवायचं, टपाल वाचायच्या प्रोग्रामच्या नजरेस पडलं की ‘कर’मध्ये. कुलूप नाही, बाण नाही. आजही कितीतरी टपाल सर्व्हर बारकीच्याच जिवावर चालतात.

तिचं आणखी एक आहे. एकत्र कुटुंबात एकाच्या आजारपणात सगळे झोपतात. गठ्ठ्याच्या नेमक्या जागी बिघाड झाला तर अख्खा गठ्ठा उघडेना असं होऊ शकतं. बारकी बिघडली तर एकटीच बिघडते. बॅकअप घेताना बदललेल्या तेवढ्याच नेता येतात, दहा जीबीचा गठ्ठा एका बिलासाठी पुन्हा वाहावा लागत नाही. आणि तिला वाचायला कुठल्या खास प्रोग्रामची गरज नाही. तो प्रोग्राम लिहिणारी कंपनी उद्या बुडाली तरी साधी मजकुराची फाईल नोटपॅडमध्ये उघडते आणि जे आहे ते सांगते. तीस वर्षांपूर्वीच्या भारी डेटाबेसांतल्या किती नोंदी आज उघडतात, ते जुन्या कचेऱ्यांत विचारून बघा.

तेव्हा माझं मत असं. माणूस हाताने उघडून बघणार असेल आणि संख्या काही हजारांत राहणार असेल, तर बारकीला खुशाल मोकळी ठेवा. ॲपच तिला जन्माला घालणार असेल, दिवसरात्र, कुणी न बघता, तर पहिल्याच दिवशी एसक्यूलाइट किंवा गठ्ठा. आणि पुसायचं कधी व कुणी, हे लिहायच्या आधी ठरवा. मधला मार्ग म्हणून दिवसाच्या बारक्या रात्री एकत्र बांधून टाका, गिटसारख्या.

आणि तुमच्या हाताखाली एखादा लिनक्सचा सर्व्हर असेल तर हे वाचून झाल्यावर त्यावर डीएफला आय जोडून एकदा बघाच. आकडा ऐंशी टक्क्यांच्या वर दिसला तर संध्याकाळचे बेत रद्द करा.